आधी भरायचा बोल्ट: गिअर ऑइल बदलताना कळलेली कार्यपद्धती



पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "दादा, आराखड्यात 'कार्यपद्धती'खाली नेमकं काय लिहायचं?" पुस्तकी उत्तर तुम्हाला माहीत आहेच. आज मी तेच उत्तर गाडीच्या गिअरबॉक्सवरून सांगतो. कारण कार्यपद्धतीतली माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक लॅबमध्ये झाली नाही. ती अकोल्याला, आमच्या घरच्या अंगणात झाली.

गंमत म्हणजे माझा विषयच वंगणाचा. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं आणि आता अमरावतीला सरकीच्या तेलापासून वंगण कसं करता येईल, यावर काम करतोय. दिवाळीच्या सुट्टीत बाबा म्हणाले, "गाडीचे गिअर लय कडक पडून राह्यले. गॅरेजला टाकू का?" मी फुशारकीने म्हटलं, "कशाला? घरीच ऑइल बदलतो."

गिअरबॉक्समधलं तेल करतं काय?

आमच्याकडे बैलबंडीच्या आसाला वंगण लावतात ते चाक आणि आस एकमेकांना खाऊ नयेत म्हणून. गिअरबॉक्समध्येही मूळ काम तेच. एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दातांवर प्रचंड दाब येतो. त्या दाबाखाली तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे, नाहीतर धातूला धातू घासतो. घर्षण, झीज आणि वंगण यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शाखेला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हा शब्द १९६६ साली ब्रिटनमधल्या जोस्ट अहवालामुळे रूढ झाला.

पण गिअरबॉक्समध्ये एक पेच आहे. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग आधी एका वेगावर आणावे लागतात. हे काम सिंक्रोनायझर रिंग करते. बऱ्याच गाड्यांत ती पितळेची असते. ती आधी घासते, घासून वेग जुळवते आणि मग दात अडकतात. म्हणजे एकाच तेलाकडून दोन उलट अपेक्षा आहेत: दातांवर घर्षण कमी हवं, रिंगवर मात्र पुरेसं घर्षण हवं.

म्हणून तेलाच्या डब्यावरचा 'जीएल' क्रमांक महत्त्वाचा. जीएल-५ तेलात जास्त दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यं जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. ती मुख्यतः मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय, त्यात जीएल-५ टाकलं तर रिंग घसरू शकते, आणि काही तेलांतलं क्रियाशील गंधक गरम झाल्यावर पितळेला खाऊ शकतं. मोठा आकडा म्हणजे चांगलं तेल, असं इथे नसतं.

दुसरा गैरसमज घट्टपणाचा. डब्यावर '७५डब्ल्यू-९०' वाचून अनेकांना वाटतं की हे इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट घट्ट असणार. तसं नाही. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० क्रमांकाचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. एकच राशी, दोन मोजपट्ट्या. शोधनिबंध वाचताना तक्त्यातल्या आकड्याआधी एकक आणि मानक पाहायची सवय लावा, ती याच कारणासाठी.

काम कसं करायचं

आधी गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडा. तेलाचा प्रकार, किती लागतं, किती किलोमीटरला बदलायचं, बोल्ट किती जोराने आवळायचा, हे सगळं गाडीनुसार बदलतं. लहान गाडीत साधारण दोन लिटरच्या आसपास तेल बसतं, पण "साधारण"वर काम करू नका.

मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि नीट निघतं. दुसरा फायदा संशोधकाच्या कामाचा: तळाशी बसलेले कण तेलात मिसळतात, त्यामुळे नमुना खरा मिळतो. कोमट म्हटलंय, कढत नाही. हात भाजेल.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर घ्या. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा आणि जॅकने उचलल्यावर गाडीखाली मजबूत स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक सटकला तर जीव जातो. विटांची चळतही चालणार नाही, वजनाखाली वीट फुटते. स्टँड नसतील तर हे काम घरी करूच नका.

आता गिअरबॉक्सला साधारणपणे दोन बोल्ट असतात. खालच्या बोल्टातून तेल निघतं. बाजूच्या, थोड्या वरच्या बोल्टातून तेल भरतात. तेल त्या भोकाच्या काठाला आलं की पातळी बरोबर. म्हणूनच भरताना गाडी पुढे-मागे समपातळीत लागते. नुसती पुढून उचललेली गाडी पातळी चुकीची दाखवते.

मी काय केलं? खाली सरकलो, खालचा बोल्ट खोलला, तेल घमेल्यात काढलं. मजा वाटली. मग भरायच्या बोल्टाला पाना लावला. तो गंजून घट्ट बसलेला. जोर लावला, पाना सटकला आणि बोल्टाच्या कडा घासून गोल झाल्या. आता तो निघत नव्हता. गाडीत तेल नव्हतं आणि भरायला वाट नव्हती. रविवारची संध्याकाळ, स्पेअर पार्टची दुकानं बंद. आणि सोमवारी सकाळी आईला अमरावतीला न्यायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला.

आई एसटीने गेली. काळा चष्मा लावून, शंभरएक किलोमीटर जाऊन, तितकेच परत येऊन. ती काही बोलली नाही. बाबा बोलले.

सोमवारी दुपारी गल्लीतले मिस्त्री आले. त्यांनी गंज सैल करणारा स्प्रे मारला, थांबले, बोल्टावर हलके ठोके दिले आणि एक साइज लहान सॉकेट ठोकून बसवून बोल्ट काढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, तेल काढाच्या आंधी भराचा बोल्ट ढिला होते का नाई, हे पायलं नाई काय?"

बस, आजच्या लेखातलं मुख्य वाक्य हेच. भरायचा बोल्ट आधी ढिला करून पाहा. तो निघाला तरच खालच्याला हात लावा. नाही निघाला तर गाडी आहे तशी गॅरेजपर्यंत चालत जाते.

पुढचं सोपं आहे. खालच्या बोल्टाचं वॉशर पुस्तिकेत सांगितलं असेल तर नवीन टाका. गिअरबॉक्सचं कवच बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, जास्त आवळलं तर आटे जातात. मग पाइप आणि नरसाळ्याने, किंवा मोठ्या सिरिंजने, भोकातून तेल बाहेर झरायला लागेपर्यंत भरा. बोल्ट लावा, थोडी गाडी फिरवा, खाली गळती आहे का पाहा.

निघालेलं तेल हा नमुना आहे

गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही. त्यामुळे हे तेल इंजिन ऑइलसारखं काजळीने काळं होत नाही. ते खराब होतं ते धातूच्या कणांनी, उष्णतेने, आत शिरलेल्या पाण्याने, आणि दातांमध्ये चिरडून त्यातल्या पॉलिमरचे तुकडे पडल्याने.

बऱ्याच गाड्यांच्या खालच्या बोल्टाला चुंबक असतो. त्यावर करडा, मलमासारखा लेप दिसला तर ती सहसा नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर काहीतरी तुटलंय. तेल दुधाळ असेल तर पाण्याचा संशय. पिवळी चमक दिसली तर ती पितळेची. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ती तेलातच शोधावी लागते.

कारखान्यांत आणि विमानांच्या देखभालीत हेच काम शास्त्रशुद्ध होतं. स्पेक्ट्रोस्कोपीने तेलात कोणता धातू किती, ते कळतं. पण त्या पद्धतीला साधारण पाच-दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. १९७० च्या दशकात आलेली फेरोग्राफी चुंबकाने लोखंडी कण काचेवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार दाखवते. एका पद्धतीला जे दिसत नाही, ते दुसरीला दिसतं.

आमच्या तेलात पिवळी चमक होती. लगेच मनात सिद्धान्त तयार झाला. बाबा वर्षानुवर्षं अकोला-अमरावतीच्या खराब रस्त्यावर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा गिअर करत गेले, म्हणून रिंग झिजली. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशोबाने ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला. त्यानंतर गिअर बदलणं कमी झालं, तर पुढच्या तेलात पितळ कमी दिसेल!

सिद्धान्त छान आहे, पण पुरावा नाही. आधीच्या तेलाचा नमुना कोणी ठेवला नव्हता. किती किलोमीटरला तेल बदललं, याची नोंद नाही. आधी कोणतं तेल होतं, माहीत नाही. कदाचित कोणी जीएल-५ टाकलं असेल. एका नमुन्यावरून कारण सांगता येत नाही. म्हणून आता मी स्वच्छ, कोरड्या बाटलीत थोडं तेल ठेवलंय. ते सुरुवातीचं किंवा शेवटचं नाही, मधल्या धारेचं घ्यायचं असतं. बाटलीवर तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव. तुलना पुढच्या वेळी.

उरलेलं तेल

वाळवीला मारा म्हणून लाकडाला लावणं किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात ओतणं, दोन्ही टाळा. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. तेल झाकणाच्या डब्यात भरा आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांना तेल देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

मग आराखड्यात काय लिहाल?

प्रत्येक पायरीपुढे एक प्रश्न लिहा: इथून परत येता येतं का? नमुना आम्लात विरघळवला, परत येत नाही. मूळ डेटावरच दुरुस्त्या करून सेव्ह केलं, परत येत नाही. मुलाखत देणाऱ्याला एकदा प्रश्न कळले की तो पहिल्यासारखा कोरा राहत नाही. अशा प्रत्येक पायरीच्या आधी काय तपासून घेणार, ते लिहा: थोडा नमुना बाजूला ठेवला का, प्रत काढली का, छोटी चाचणी घेतली का, उपकरण चालू आहे का. तुमच्या पायऱ्यांचा क्रम यावरूनच ठरतो, आणि मार्गदर्शकही बहुतेक हेच विचारतात.

आता मी घरी कशालाही पाना लावला की आई दारातून विचारते, "काहून रे, भराचा बोल्ट पायला का?"