गिअरबॉक्सच्या तेलांत पाणी शिरलें हें कसें ओळखावें?

पासली, केळद आणि त्यांच्या आसपासचीं गांवें सह्याद्रीच्या माथ्यास लागून असल्यामुळें पुणें जिल्ह्यांतील अतिपावसाच्या पट्ट्यांत मोडतात. येथील मुख्य पीक भात, आणि भाताची लावणी म्हणजे आधीं चिखलणी. पूर्वीं हें काम सर्वस्वीं बैलांचें होतें. आज पुष्कळ खाचरांतून ट्रॅक्टर व पॉवर टिलर फिरतांना दिसतात. बैल आजारी पडला तर चारा टाकतो, रवंथ थांबवितो, आणि धन्यास तें तत्काळ कळतें. यंत्राची गोष्ट निराळी. त्याच्या गिअरबॉक्समध्यें पाणी शिरलें तरी तें कित्येक दिवस निमूटपणें चालत राहतें, आणि बंद पडतें तें बहुधा लावणीच्या ऐन धांदलींत. रोप हाताबाहेर वाढतें, मजूर परत जातात, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. सबब हा दोष वेळींच कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि मागील हायड्रॉलिक लिफ्ट यांस एकच तेल पुरतें. ब्रेक तेलांत बुडालेले असल्यास त्यांसही तेंच. दोन दांत्यांमध्यें तेलाचा जो पातळ थर असतो तोच सर्व भार वाहतो. पाण्यास ती शक्ति नाहीं. शिवाय पाण्यानें गंज चढतो, तेलांतील संरक्षक द्रव्यें निकामी होतात, आणि ब्रेक वा क्लचच्या चकत्यांचें चिकटविलेलें अस्तर सुटूं लागतें. 1977 सालीं कँटली या अमेरिकन संशोधकानें बेअरिंगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतील सूत्राप्रमाणें तेलांतील पाणी दहा हजारांत एक भाग होतें तें चार भाग झालें, तर बेअरिंगचें आयुष्य निम्म्याहूनही कमी होतें. म्हणजे तेल दुधाळ होईपर्यंत वाट पाहणें हें घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

आतां परीक्षा. पहिली नजरेची. यंत्र सपाट जागीं उभें करून, लिफ्ट खालीं सोडून, दांडीनें तेलाची पातळी मोजावी. तेल न घालतां पातळी वाढलेली दिसली तर ती बरकत नव्हे. बाहेरून कांहींतरी आंत आलें आहे. तेल भरण्याच्या झांकणाच्या आंतील अंगास पाण्याचे थेंब वा गंज असल्यास तेंही लक्षण समजावें. चहासारखा गढूळ वा दुधाळ रंग म्हणजे तर पाणी तेलांत घुसळून एकजीव झाल्याची खूण होय.

परंतु केवळ गढूळपणावर निकाल देऊं नये. हवेचे बुडबुडे मिसळल्यानेंही तेल तसें दिसतें. म्हणून दुसरी परीक्षा बाटलीची. काम संपतांच, तेल कोमट असतांना, त्याचा नमुना स्वच्छ व कोरड्या कांचेच्या बाटलींत घेऊन रात्रभर निश्चल ठेवावा. हवा असल्यास तेल थोड्याच वेळांत निवळतें. पाणी असल्यास तें तेलाहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें, किंवा गढूळपणा सकाळपर्यंत तसाच राहतो. यंत्र रात्रभर उभें राहिल्यावर सकाळीं तें चालू करण्यापूर्वीं तळाचा ड्रेन नट किंचित सैल करून प्रथम येणारें वाटीभर द्रव्य पाहिलें, तरी सांचलेलें पाणी आधीं बाहेर येतें.

तिसरी परीक्षा पळीची. ती गृहिणींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ओली भाजी फोडणींत पडली कीं तेल तडतडतें, तोच हा न्याय. निकामी लोखंडी पळी, पाण्याचा थेंब पडतांच चुरचुरून उडून जाईल इतकी तापवावी. ती ज्योतीवरून दूर घेऊन, पुसून, तिच्यावर त्या तेलाचे दोनच थेंब टाकावे. नवें तेल मुकाट्यानें पसरतें. पाणी असलेलें तेल बुडबुडे काढून तडतडतें. हें काम घराबाहेर करावें, डोळ्यांवर चष्मा असावा, मुलें दूर असावींत. हजारांत सुमारें एक भाग पाणी या रीतीनें कळून येतें. त्याहून कमी असल्यास पळी गप्प राहते. तेव्हां तिचें मौन म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. नेमकें प्रमाण हवें असेल तर प्रयोगशाळेंत कार्ल फिशर यांच्या 1935 सालच्या पद्धतीनें तें काढितां येतें.

दोष ठरल्यावर लगेच तेल बदलून स्वस्थ बसणें ही मोठी चूक होय. जागेचा पंचनामा झाल्यावांचून चोरी उघडकीस येत नाहीं, तद्वत पाणी कोणत्या वाटेनें आलें हें ठरल्यावांचून उपाय पुरा होत नाहीं. तापलेलें यंत्र थंड पाण्याच्या खाचरांत उतरलें कीं गिअरबॉक्समधील हवा आकुंचन पावते आणि बाहेरचें पाणी आंत ओढूं लागते. मागील आंसाचीं ऑइल सीलें झिजलीं असतील, त्यांत भाताचा काड वा दोरा अडकला असेल, तर तीच वाट. हवा खेळण्याची नळी, म्हणजे ब्रीदर, चिखलानें बुजली असेल तर सीलांवरील ओढ अधिकच वाढते. गिअरच्या दांड्याखालील फाटलें रबर, पी.टी.ओ.चें सील, सैल झांकण आणि धुतांना रोखून मारलेला पाण्याचा जोराचा फवारा, हींही तपासावीं.

कधीं कधीं दोष यंत्राचा नसून पिंपाचा असतो. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचें पाणी सांचतें, आणि दिवसा तापून रात्रीं निवतांना पिंप तें बुचाच्या फटींतून आंत ओढून घेतें. म्हणून पिंप छपराखालीं ठेवावें. तें न जमल्यास आडवें असें ठेवावें कीं दोन्ही बुचें एका आडव्या रेषेंत येतील.

वाट बुजविल्यावर तेल कोमट असतांना पूर्ण काढावें, फिल्टर बदलावा, आणि निर्मात्याच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल भरावें. कोनाकोपऱ्यांत जुनें तेल उरतेंच. म्हणून थोडे दिवस काम झाल्यावर पुन्हां परीक्षा करावी. निवळून वर आलेलें जुनें तेल परत घालूं नये, आणि तें ओढ्यांत वा बांधावरही ओतूं नये; गोळा करून अधिकृत पुनर्वापर करणारांकडे द्यावें.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक यंत्रमालकानें एक साधी वही ठेवावी. चिखलणीस उतरण्यापूर्वीं, मध्यंतरीं आणि ती संपल्यावर, असे तीन वेळां तारीख, तेलाची पातळी, रंग व बाटलीचा निकाल तींत लिहावा. पासलीसारख्या ठिकाणीं भर पावसांत मिस्त्रीस आणणें सोपें नसतें. तो येण्यापूर्वीं रोगाची हकीकत लिहून तयार असली, तर त्याचा वेळ वांचतो, आपला पैसा वांचतो, आणि खाचरांतील रोपही वेळेवर लागतें.