एकविसावे गुणसूत्र तीनदा : आईचा दोष नाही

एखाद्या घरी डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मले की डॉक्टर काही सांगण्याआधीच आजूबाजूचे लोक कारण सांगून मोकळे होतात. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, कुणी करणी केली असेल, हिचेच काहीतरी पाप असेल. बोट नेहमी आईकडेच. खरे कारण पेशीच्या आत घडते, आणि ते समजून घ्यायला फार शिक्षण लागत नाही. म्हणून या वेळी आम्ही तेच सांगायचे ठरवले आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. शरीर कसे घडवायचे याच्या सूचना त्यांत असतात. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा आधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते. मूळ आणि नक्कल काही काळ एकमेकांना चिकटून राहतात. प्रथिनांच्या कड्या त्यांना धरून ठेवतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक धागे येतात आणि त्यांना कमरेशी पकडतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. रस्सीखेचीसारखा दोन्हीकडून ताण बसला तरच पकड पक्की धरली जाते. दोन्ही धागे एकाच बाजूचे निघाले तर ताण बसत नाही. मग पेशी ती गाठ सोडते आणि पुन्हा बांधते.

तरीही घाई होऊ शकते, म्हणून पेशीत एक पहारा आहे. उंब्रजच्या स्टँडवर शेवटचा प्रवासी चढेपर्यंत कंडक्टर डबल बेल देत नाही, मग ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवू दे. तसेच इथे. ४६ पैकी एक जरी गुणसूत्र सुटे राहिले, तरी तिथून ‘थांबा’ असा रासायनिक निरोप निघत राहतो. सगळी नीट बांधली गेली की निरोप बंद होतो, एक प्रथिन कात्रीसारखे त्या कड्या कापते आणि एकेक प्रत दोन्हीकडे जाते. या पहाऱ्याची जनुके १९९१ साली यीस्टमध्ये सापडली, पाव फुगवायला वापरतात त्याच यीस्टमध्ये. यीस्टपासून माणसापर्यंत युक्ती तीच आहे.

मग चूक होते कुठे? बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना. पुरुषाच्या शरीरात वयात आल्यापासून शुक्राणू सतत नवे बनतात. मुलीची स्त्रीबीजे मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, आणि त्यांचे विभाजन अर्ध्यावर थांबून राहते. ते पुढे सरकते २०, ३०, कधी ४० वर्षांनी. इतकी वर्षे गुणसूत्रांना धरून ठेवणाऱ्या कड्या सैल पडत जातात. त्यात स्त्रीबीजातला पहारा इतर पेशींइतका कडक नसतो. अशा वेळी २१ व्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात जातात, वडिलांकडून तिसरे येते आणि बाळाच्या पेशीत ४७ होतात. पंचविशीतल्या आईला असे मूल होण्याची शक्यता साधारण १,२५० त एक, चाळिशीत साधारण १०० त एक. पण तरुणपणीच बाळंतपणे जास्त होत असल्याने अशी बहुतेक मुले पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात. काही मुलांत जास्तीचे गुणसूत्र वडिलांकडूनही आलेले असते. सासूबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

यातले काहीही बाईच्या खाण्यापिण्याने, कामाने किंवा ग्रहणाने घडत नाही. तिला ते टाळताही आले नसते.

खात्रीसाठी बाळाच्या रक्ताची कॅरिओटाइप नावाची तपासणी करतात. पेशी वाढवून विभाजनाच्या ऐन वेळी थांबवतात आणि गुणसूत्रे मोजतात. थांबवण्यासाठी धागे बनू न देणारे द्रव्य घालतात. त्यांतले जुने म्हणजे कोल्चिसिन, आणि ते आपल्या डोंगरातल्या कळलावीतही असते. पावसाळ्यात लाल-पिवळी फुले येणारी हीच ती वेल. कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरायची जुनी रीत कुठे असेल तर ती आजच बंद करा. हा कंद जीव घेतो.

शंभरातल्या तीन-चार मुलांत जास्तीचे २१ वे दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते. अशा वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी कुणात तशी जोडणी आहे का हे पाहावे लागते, कारण पुढच्या बाळंतपणाचा धोका त्यावर ठरतो. तेव्हा रिपोर्ट जपून ठेवा आणि तपासणीला नवऱ्यानेही जावे.

अशा जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. बाळ बाहेरून ठणठणीत दिसले तरी हृदयाची इको लवकर करून घ्या. थायरॉईड, कान आणि डोळेही तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा बाळ लपवू नका. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी तेच मोठ्या दवाखान्यात पाठवतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. ते ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडाल त्या विशेष शाळेत.