मेल येतो पण जात नाही? नेटला शिव्या देऊ नका

लातूर-नांदेडकडे घरच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमधून मेल अडकला की पहिला राग नेटवर निघतो. पण मेल येत असेल आणि फक्त जात नसेल, तर नेट चालू आहे हे तिथंच सिद्ध होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगळे असतात. जीमेलला येण्याचा पोर्ट ९९३, जाण्याचा ४६५ किंवा ५८७. सेटिंगमध्ये जुना २५ असेल तर बदला. स्पॅममुळे बऱ्याच नेट कंपन्या तो बंदच ठेवतात.

‘पासवर्ड तर बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो की!’ असं कुणी म्हणेल. चालतो, पण २०२२ पासून गूगल जुन्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. एरर सर्टिफिकेटची असेल तर मात्र कोपऱ्यातलं घड्याळ बघा. लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. चुकीच्या तारखेला सुरक्षित जोडणी होत नाही. आपल्याकडे लाइटचा लपंडाव नेहमीचाच, तरी या सेलवर संशय सगळ्यात शेवटी जातो.

काही अडलं तर विचारा, एररचा आकडा जसाच्या तसा लिहा. पासवर्ड मात्र कुणालाच सांगू नका.