लघवीतले रक्त ‘उन्हाळी’ म्हणून सोडू नका



दावणीचा बैल लाल मुतला, तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे माणूस धाडतो. पण घरातल्या कर्त्या माणसाच्या लघवीतून रक्त गेले, तर “उन्हातान्हाचे काम, उन्हाळी लागली असेल,” म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी पिऊन गप्प बसतो. दोन दिवसांत रक्त थांबते आणि गोष्ट विसरली जाते. बहुतेक वेळा कारण साधे असते. मुतखडा किंवा जंतूंचा दाह. पण कधी कधी ते मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते. पुष्कळदा त्यात दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

हाताचा घट्टा आणि पिशवीचे अस्तर

मूत्राशय म्हणजे लघवी साठविणारी पिशवी. तिला आतून मऊ अस्तर आणि बाहेरून स्नायूंची भिंत असते. मूत्राशयाच्या शंभरातील नव्वदाच्या आसपास कर्करोग या अस्तराच्या नेहमीच्या पेशींतून होतात. त्यांचे मोठे कारण विडी-सिगारेट. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून लघवीत उतरतात आणि तासन् तास पिशवीत साठून राहतात.

आज सांगायचा आहे तो याहून दुर्मिळ प्रकार, स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. कुदळ धरून धरून तळहाताला घट्टा पडतो, हे आपण जाणतोच. तसेच पिशवीतला खडा वर्षानुवर्षे घासत राहिला, दाह पुन्हा पुन्हा होत राहिला किंवा लघवीची नळी कायम ठेवावी लागली, की मऊ अस्तराच्या जागी कातडीसारख्या चपट्या पेशी येतात. त्यांतल्या काही पेशी पुढे बेबंद वाढल्या, तर हा रोग होतो. खडा झाला म्हणजे कर्करोग होणारच असे मुळीच नाही. मात्र खडा वर्षानुवर्षे अंगावर काढणे बरे नव्हे.

गिमवीचा धडा

कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरले की आपण रत्नागिरी जिल्ह्यात जातो. त्याच जिल्ह्यात गिमवी हे गाव आहे. तेथील लोकांच्या लघवीत शिस्टोसोमा नावाच्या कृमीची अंडी सापडली. डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी १९५२ साली हा शोध जगापुढे मांडला. हा कृमी गोड्या पाण्यातील गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात आणि तेथे जुनाट दाह होतो.

भारतात हा रोग पसरला नाही, तेव्हा आपल्या पाटाच्या पाण्याचे भय बाळगू नये. इजिप्तमध्ये मात्र नाईलच्या पाण्यात उभे राहून शेती करणाऱ्यांना हा कृमी सर्रास होत असे, आणि आपल्याकडचा हा दुर्मिळ कर्करोग तेथे नेहमीचाच होता. पुढे कृमीवर परिणामकारक गोळी आली, गोगलगायींचा बंदोबस्त झाला आणि तेथेही त्याचे प्रमाण घटले. अस्तराची जुनी जखम वेळीच थांबवली, तर हा रोग टळू शकतो, हाच त्यातला धडा.

सालीत की गाभ्यात?

तासगावचे बागाईतदार द्राक्षाच्या खोडाची सुटी साल काढून आतला पिठ्या ढेकूण शोधतात. कीड सालीखाली असेतो हातची असते. गाभा पोखरला की वेल वाचविणे अवघड. मूत्राशयाचेही तसेच. डॉक्टर दुर्बिणीने पिशवी आतून पाहतात, गाठीचा तुकडा काढतात आणि तो तपासायला पाठवतात. रोग कोणत्या प्रकारचा आणि किती खोल गेला, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

स्क्वॅमस प्रकारात एक वाईट खोड आहे. तो सापडतो तेव्हा बहुधा स्नायूंच्या भिंतीत शिरलेला असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा पूर्ण मूत्राशय काढतात आणि लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात. लघवी मग पोटावर लावलेल्या पिशवीत जमते. रोग मूत्राशयापुरताच असेल, तर शस्त्रक्रियेनंतर अनेकजण पुढची कित्येक वर्षे जगतात, घरशेत सांभाळतात. तो बाहेर किंवा गाठींत पसरला असेल, तर आशा बरीच कमी होते, आणि औषधांचा व किरणांचा गुणही या प्रकारात कमी येतो. सारा फरक वेळेचा आहे.

काय करावे?

लघवीत एकदाही रक्त दिसले, दुखो वा न दुखो, आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा. रक्त आपोआप थांबले, तरी जा. लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्या. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली, तर टाळू नका. भगिनींनी संकोच करू नये; पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर ते लघवीतून की अंगावरून, हे डॉक्टरांना ठरवू द्या. साताऱ्याला आणि सांगलीला सरकारी रुग्णालय आहे, मिरजेला व कराडला मोठी रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू द्या.

आणि हो, आजच विडीचे बंडल चुलीत टाका. बैलासाठी जी तातडी आपण करतो, ती त्याच्या धन्यासाठीही करू या.