१ मिनिट ३४ सेकंद: पैलवान हमीदा बानूची खरी लढत

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती.

जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. यूएफसी ही एमएमएची, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, जमिनीवरची झटापट, सगळं एकाच लढतीत. त्याआधी मुंबईची मनजीत कोळेकर अमेरिकेतल्या इन्व्हिक्टा या फक्त महिलांच्या एमएमए स्पर्धेत उतरली होती.

पण आज बोलायचंय ते या दोघींच्या कितीतरी आधीच्या एका बाईबद्दल. हमीदा बानू.

जन्म मिर्झापूरचा, तालीम अलीगढला सलाम पैलवान यांच्याकडे. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. १९५४ साली तिने जाहीर केलं, ‘मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन.’ त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. बडोदा तेव्हा आपल्यासारखंच मुंबई राज्यात होतं का? बडोदा होतं, पण आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. असो!

तोपर्यंत आपण ३०० च्या वर कुस्त्या जिंकल्याचं ती सांगायची. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनलाही तिने मिनिटभराच्या आत हरवलं.

मग अडचण कुठे होती? आखाड्याबाहेर.

बडोद्यात आधी ठरलेला पैलवान ऐनवेळी मागे हटला. का, तर बाईशी लढणार नाही! पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तर तिने सोमासिंग पंजाबीला हरवलं आणि लोकांनी तिच्यावर दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. जरा विचार करा, कुस्तीची पंढरी म्हणवणारं गाव, आणि जिंकणाऱ्यावर दगड!

लोकांचा एक आरोप होता: या नुरा कुस्त्या आहेत. नुरा म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली कुस्ती. हमीदाने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. माझ्या कुस्त्यांवर बंदी का? उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर नावापुरते पैलवान उभे करतात, अशा तक्रारी आहेत म्हणून.

खरी मेख इथेच आहे. तिची प्रत्येक कुस्ती खरी होती की नाही, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आरोप आयोजकांवर आणि कुस्ती बंद कोणाची? तिची. वजनगट नाही, बरोबरीच्या बायका समोर नाहीत, निकालाची अधिकृत नोंद नाही. मग स्वतःला सिद्ध करायचं तरी कसं?

आता आजचं बघा. पूजा तोमर लढते तो गट साधारण ५२ किलोचा. आदल्या दिवशी वजन होतं, समोर त्याच गटातली बाई असते, पंच असतो, गुण देणारे तिघं असतात, निकाल कायमचा नोंदला जातो. ही चौकट कोणी सहज दिलेली नाही. यूएफसीत महिलांची पहिली लढत झाली २०१३ मध्ये. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ साली. आणि महिला महाराष्ट्र केसरी? थेट २०२३. सांगलीत प्रतीक्षा बागडीने तो पहिला किताब जिंकला.

हमीदाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तिने युरोपला जाऊन लढायचं ठरवलं होतं. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार, तिने जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी तिला इतकं मारलं की हातपाय मोडले. पुढे ती कल्याणला राहिली, दूध विकलं, रस्त्यावर खाऊचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली. ४ मे २०२४ ला गूगलच्या पानावर तिचं चित्र झळकलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आपल्या भागातली एखादी मुलगी जिमला किंवा तालमीला जायचं म्हणत असेल, तर ‘मुलीला जमेल का?’ हा प्रश्न जुना झाला. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. सराव बरोबरीच्या वजनाच्या जोडीदाराबरोबर होतो का? दुखापत झाली तर काय सोय आहे? स्पर्धेत पंच आणि डॉक्टर असतात का? आणि कोच चुकीचं वागला, तर तक्रार कुठे करायची?

ताकद हमीदाकडे भरपूर होती. कमी पडली ती चौकट. ती आपल्या मुलींना मिळते का, एवढं बघणं तरी आपल्या हातात आहे.

भाग आवडला तर तालमीत जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!