फरशी गार लागते, पण थंडी तिथून येत नाही

डिसेंबर-जानेवारीत गौताळ्याच्या डोंगराकडून वारं सुटलं की कन्नड भागात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. थंडीची लाट असली तर त्याखालीही जातो. जुनं घर पाडून नवं बांधलेल्या कुटुंबांत या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : टाइल्स बसवल्या आणि घर गारठलं, सारवलेली जमीन उबदार होती. मग कुणी फरशी उखडून खाली थर्माकोल टाकायला सांगतो, कुणी मोबाइलवर परदेशातल्या घराचा व्हिडिओ दाखवतो. या खर्चात पडण्याआधी थोडं थांबा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो पैसा चुकीच्या जागी जातो.

पहिला गैरसमज असा, की टाइल किंवा शहाबादी फरशी मुळातच थंड असते. लाकडी पाट रात्रभर फरशीवर ठेवा आणि सकाळी दोन्हींवर थर्मामीटर टेकवून बघा. आकडा जवळपास सारखाच येईल. तरी पाटावर पाय ठेवला तर बरं वाटतं आणि फरशीवर ठेवला तर चटका बसतो. दगड पायाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश. पायाची कातडी ३० अंशांवर आणि खोली १८ अंशांवर आहे असं धरून ढोबळ हिशेब केला, तर पाय टेकताक्षणी कातडीजवळचं तापमान लाकडावर २७ च्या आसपास राहतं, ग्रॅनाइटसारख्या दगडावर मात्र २२ पर्यंत उतरतं. आपल्याला जाणवते ती ही घसरण. जेवायला पाट मांडण्याच्या जुन्या पद्धतीत हे शहाणपण होतंच. सारवलेली जमीन उबदार लागायची तीही याचमुळे. मातीत आणि भुशात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ती दगडापेक्षा कमी उष्णता ओढते. मात्र नुकती सारवलेली ओली जमीन टाइलइतकीच गार लागते, हे ज्यांनी सारवलंय त्यांना सांगायला नको.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो : थंडी जमिनीतून वर येते. रात्रीच्या लायटीवर गव्हाला पाणी देताना दारं धरणाऱ्या कुणालाही विचारा. बाहेर हात गोठत असतात आणि विहिरीचं पाणी कोमट लागतं, पहाटे त्यावर वाफ दिसते. मे महिन्यात त्याच विहिरीचं पाणी गार असतं. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. काही मीटर खाली जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं आणि आपल्या जिल्ह्यात ते साधारण २५-२६ अंश आहे. म्हणजे जानेवारीतल्या पहाटे तळमजल्याच्या फरशीखालची जमीन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते. ती घराला ऊब देत असते, घराची ऊब खात नसते.

लंडनचं उलट आहे. तिथे वर्षाची सरासरीच ११ अंशांच्या घरात आहे, त्यामुळे फरशीखाली जाड थर घालणं तिथे रास्त ठरतं. त्या व्हिडिओतला सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या मुलखाचा आहे. आपण तोच थर घातला तर उन्हाळ्यातला गारवाही तोडून बसू. मे महिन्यात दुपारी उघड्या फरशीवर पाठ टेकण्याचं सुख याच जमिनीमुळे मिळतं.

याला अपवाद आहेत. घराखाली उघडं पार्किंग असेल किंवा खोलीचा काही भाग बाहेर काढलेला असेल, तर खालून थंड हवा लागते आणि फरशी खरोखर गार पडते. तिथे स्लॅबच्या खालच्या अंगाला दाट फोमची शीट बसवणं योग्य. नवं जोतं भरत असाल तर मुरूम नीट दाबून, कोब्याआधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घ्या. तो थंडीसाठी नाही, ओलीसाठी. ओल्या फरशीचा गारठा कोणत्याही गालिच्याने जात नाही.

ओलीबद्दलही गोंधळ फार आहे. ढगाळ, दमट दिवशी फरशी ओली दिसली की लोक म्हणतात, खालून पाणी येतंय. अनेकदा तो हवेतल्या बाष्पाचा घाम असतो. फूटभर प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला आले तर हवेतली, आणि मग उपाय खोदकामाचा नाही, वारा खेळता ठेवण्याचा. ही परीक्षा केल्याशिवाय कुणालाही फरशी फोडायची ऑर्डर देऊ नका.

मग पायांचं काय? उपाय फरशीच्या वर आहे आणि स्वस्त आहे. खाली तरट किंवा जोडता येणारी फोमची चटई, वर सतरंजी. एक सेंटिमीटर फोम उष्णतेला साधारण एक फूट काँक्रीटइतका अडथळा करतो. घोंगडी किंवा वाकळ दुमडून घातली तरी चालते, कारण काम करते ती थरांत अडकलेली हवा. झोपायची, बसायची आणि रांगत्या बाळाची जागा तेवढी झाका. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नको, त्याखाली बुरशी धरते. उन्हाळा लागला की सगळं उचलून ठेवता येतं. नव्या घरांत उंबरठा घालत नाहीत, म्हणून दाराखालच्या फटीतून येणारा गार वारा थेट घोट्यांना लागतो. तिथे रबराची पट्टी लावा, नाहीतर जुन्या कपड्याची गुंडाळी ठेवा.

खरा खर्च करायचाच असेल तर वर बघा. निरभ्र रात्री उघडा स्लॅब आकाशाकडे उष्णता टाकत राहतो, पत्रा तर त्याहून वेगाने. मराठवाड्यातल्या माळवदावर मातीचा जाड थर उगाच नसायचा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छतातून जाणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॉट ठरवली आहे. साध्या उघड्या स्लॅबमधून याच्या तिपटीच्या आसपास उष्णता जाते. स्लॅबवर दोन-अडीच सेंटिमीटरची दाट फोमची शीट, तिच्यावर वॉटरप्रूफिंग आणि कोबा एवढं केलं तरी ही मर्यादा गाठता येते, आणि फायदा दोन्ही ऋतूंत मिळतो. पांढरा चुना मात्र उन्हाळ्याचा उपाय आहे; रात्रीची ऊब तो धरून ठेवत नाही.

गार फरशीने सर्दी होते, ही समजूतही सोडून द्यायला हवी. सर्दी विषाणूंमुळे होते. म्हाताऱ्या माणसांचे पाय आखडतात, दुखतात, ते खरं आहे आणि त्यांना मोजे, चपला घरातही घालायला द्या. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना गरम पाण्याची पिशवी पायाशी देऊ नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. आणि दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं कुणीही, एका रात्रीपुरतंही, करू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग यायच्या आत तो जीव घेतो.