टॅब्युला रासा
विज्ञानकथेवर आधारित, आंतरजालावर असंख्य खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाचा एक संगणकीय खेळ. मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘कोरी पाटी’. रिचर्ड गॅरियट (१९६१– ) याच्या नेतृत्वाखाली डेस्टिनेशन गेम्स या संस्थेने तो तयार केला व एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसृत केला. ‘बेन’ या आक्रमकांनी पृथ्वी बळकाविल्यावर उरलेली माणसे फोरिअस व ॲरिएकी या ग्रहांवर इतर जमातींसह लढा देतात, असे त्याचे कथानक होते. ‘लोगोस’ ही चिन्हलिपी जसजशी अवगत होई, तसतशी खेळाडूस नवी सामर्थ्ये लाभत. खेळात नेमबाजी व भूमिकापालन यांचा मेळ होता : नेम खेळाडू धरी, परंतु गोळीचा परिणाम पात्राचे कौशल्य, शस्त्र, आडोसा इत्यादींच्या गणिताने ठरे.

ऑक्टोबर २००८ मध्ये गॅरियटने खेळाशी निगडित उपक्रमातून जमविलेली माहिती एका स्मृतिसाधनात साठवून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर नेली. तथापि पुरेसे खेळाडू न लाभल्याने २८ फेब्रुवारी २००९ रोजी खेळ बंद करण्यात आला. अशा खेळांचे विश्व चालकाच्या संगणकांवरच वसत असल्याने, खेळाची प्रत विकत घेतलेल्यांनाही त्यानंतर त्यात प्रवेश उरला नाही.